अपराध पोटात घालायचा कोणी?

३ जानेवारी २०१० च्या रविवारी ‘फॉक्स न्यूज’ या अमेरिकी वाहिनीवर, नुकतेच विवाहबाह्य संबंध उघड झालेल्या गोल्फपटू टायगर वुड्सविषयी चर्चा चालली होती. ज्येष्ठ पत्रकार ब्रिट ह्यूम म्हणाले, गोल्फपटू म्हणून तो सावरेल; माणूस म्हणून सावरेल का, हा खरा प्रश्न आहे. तो बौद्ध आहे म्हणतात, पण ख्रिस्ती धर्मात जशी क्षमा आणि उद्धार मिळतो तसा त्या धर्मात मिळत नाही, तेव्हा त्याने ख्रिस्ताकडे वळावं. या सल्ल्यावर अमेरिकेत बराच गदारोळ झाला. परक्या धर्माच्या माणसाला दूरचित्रवाणीवरून धर्मांतर सुचवणं अनेकांना उद्धटपणाचं वाटलं, आणि तो उद्धटपणा होताच. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न मागे पडला. बौद्ध धम्मात क्षमा करायला वर कोणी बसलेलं नाही, हे खरंच आहे. मग ज्याच्या हातून चूक झाली त्याने जायचं कुठे?

नऊ वर्षांनी, १४ एप्रिल २०१९ रोजी, जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या मैदानावर हजारो लोकांनी या प्रश्नाचं एक उत्तर दिल्यासारखं वाटलं. त्रेचाळीस वर्षांच्या टायगरने मास्टर्स स्पर्धा पाचव्यांदा जिंकली आणि अठराव्या ग्रीनभोवतीच्या गर्दीने त्याच्या नावाचा घोष सुरू केला. मोठी माणसं रडत होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘उद्धार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द जागोजागी दिसला. तो शब्द मुळात चर्चमधला आहे. चेंडू होलमध्ये गेला आणि माणूस पापमुक्त झाला, असं त्या मथळ्यांचं म्हणणं होतं.

हे म्हणणं तपासून पाहायला हवं. त्या दिवशीचा आनंद खोटा नव्हता, आणि म्हणूनच त्याला चुकीचं नाव मिळू नये.

टायगरची आई कुल्टिडा थायलंडची, बौद्ध. वडील अर्ल अमेरिकी सैन्यात होते, व्हिएतनाममध्ये लढलेले. मुलाचं कागदोपत्री नाव एल्ड्रिक. ‘टायगर’ हे नाव अर्लने आपल्या एका दक्षिण व्हिएतनामी लष्करी मित्राच्या आठवणीसाठी ठेवलं. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, लाल शर्ट घालायचा हा परिपाठ आईच्या सांगण्यावरून पडला. १९९७ मध्ये एकविसाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा मास्टर्स जिंकली, तीही बारा फटक्यांच्या फरकाने. याच स्पर्धेत १९७५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नव्हता, आणि ज्या क्लबात ती होते त्याने १९९० पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला सभासद करून घेतलं नव्हतं. २००० मध्ये अमेरिकी ओपन त्याने पंधरा फटक्यांनी जिंकली. जागतिक क्रमवारीत तो एकूण ६८३ आठवडे पहिला होता. २००८ मध्ये पायाच्या हाडाला चिरा गेलेल्या आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असताना तो ९१ होल खेळला आणि अमेरिकी ओपन जिंकला. गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात; ही त्याची चौदावी.

मग २७ नोव्हेंबर २००९ च्या पहाटे फ्लोरिडातल्या घराबाहेर त्याची गाडी आधी पाण्याच्या नळखांबावर आणि मग झाडावर आदळली, आणि पुढच्या काही दिवसांत त्याच्या विवाहबाह्य संबंधांची मालिकाच बाहेर आली.

१९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून माफी मागितली. आई पहिल्या रांगेत बसली होती. तेरा-चौदा मिनिटांचं ते निवेदन पुष्कळांना कोरडं आणि पाठ केल्यासारखं वाटलं. तरी त्यात दोन गोष्टी अशा होत्या की त्या आजही वाचाव्यात. त्याने सांगितलं, की लहानपणी आईने दिलेल्या बौद्ध शिकवणीपासून तो दूर गेला. बाहेरच्या गोष्टींची तृष्णा माणसाला सुखाविना फिरवत राहते, हे तो विसरला. ह्यूम यांचं नाव न घेता दिलेलं ते उत्तर होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण आयुष्यभर कष्ट केले, तेव्हा समोर येणारे सगळे मोह उपभोगण्याचा आपल्याला हक्कच आहे, असं आपल्याला वाटत होतं, हे त्याने कबूल केलं.

या कबुलीत एक हिशेब आहे. एका वहीत कष्ट जमा करायचे आणि दुसऱ्या वहीतली उधारी त्यातून फेडायची. पहाटे उठून हजारो चेंडू मारले, म्हणून घरातला शब्द मोडायची मुभा मिळाली. त्याच्या पतनाचं मूळ त्याने स्वतःच या हिशेबात दाखवलं. आणि २०१९ मध्ये त्याच्यावर प्रेम करणारी माणसं तोच हिशेब उलट्या बाजूने मांडत होती: इतकं सोसलं, इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी परत आला, जिंकला, झालं, फिटलं सगळं. वह्या त्याच दोन, आणि एकीतली रक्कम दुसरीत टाकायची चूकही तीच.

सोसणं मात्र खरं होतं, त्याबद्दल वाद नाही. २०१४ ते २०१७ या काळात पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. चौथीत कण्याच्या खालच्या टोकाचे दोन मणके कायमचे जोडून टाकले. गोल्फचा फटका म्हणजे कमरेपासून खांद्यापर्यंत शरीर पिळून सोडणं. ज्याचे मणके जोडलेत त्याने हा खेळ खेळावा अशी अपेक्षाही कोणी करत नव्हतं. मे २०१७ मध्ये रात्री रस्त्याच्या कडेला गाडीत तो पेंगलेला सापडला. दारू प्यायलेला नव्हता. वेदनाशामकं आणि झोपेची औषधं अंगात होती. पोलिसांनी काढलेलं सुजलेल्या डोळ्यांचं छायाचित्र जगभर फिरलं. त्या वर्षी तो जागतिक क्रमवारीत अकराशे नव्याण्णवाव्या स्थानापर्यंत घसरला.

तिथून तो उठला. २३ सप्टेंबर २०१८ रोजी अटलांटातल्या ईस्ट लेकवर त्याने पाच वर्षांनंतर पहिली स्पर्धा जिंकली, तेव्हा शेवटच्या होलकडे जाताना मागची गर्दी दोर ओलांडून मैदानात घुसली आणि त्याच्यामागे चालू लागली. ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांत ते राहिलं आहे: पुढे लाल शर्टातला एक माणूस, आणि मागे फेअरवे भरून वाहत येणारी माणसं.

ऑगस्टाचा विजय वेगळ्या जातीचा होता. वादळाच्या भीतीने त्या रविवारी खेळ सकाळी लवकर सुरू केला होता. फ्रान्चेस्को मोलिनारी दोन फटक्यांनी पुढे होता, आणि शेवटच्या दिवशी मागे असताना टायगरने आजवर एकही मेजर जिंकली नव्हती. बाराव्या होलची लांबी जेमतेम १५५ यार्ड, पण समोर रेज क्रीकचा ओढा आणि वर फिरता वारा. शेवटच्या दोन गटांतल्या सहापैकी चार खेळाडूंचे चेंडू त्या ओढ्यात पडले, त्यात मोलिनारीचाही. टायगरने झेंड्याकडे नेम धरलाच नाही. डाव्या बाजूला, ग्रीनच्या रुंद भागात चेंडू ठेवला, दोन पटमध्ये पार केला आणि पुढे चालू लागला. तरुण टायगरच्या पराक्रमांवर वाढलेल्या चाहत्यांना हा फटका लगेच उमगला नसेल. पण आपल्याला काय जमत नाही हे जाणणाऱ्या माणसाचा तो फटका होता, आणि स्पर्धा तिथेच फिरली.

ऑगस्टात प्रेक्षकांना फोन आणू देत नाहीत. त्यामुळे तिथे हातात पडदे नसतात, फक्त डोळे आणि कान. दूरच्या होलवर गर्जना उठते आणि झाडीतून ती कशी येते यावरून काय झालं ते माणसं ओळखतात. सोळाव्या होलवर चेंडू उतारावरून घरंगळत होलच्या अगदी जवळ येऊन थांबला, तेव्हाची गर्जना साऱ्या मैदानाने ऐकली. शेवटी अठराव्या होलवर एक फटका जास्त गेला तरी चाललं, इतकी आघाडी होती. ग्रीनच्या मागे मुलगा उभा होता. १९९७ मध्ये साधारण त्याच जागी, हृदयावरची शस्त्रक्रिया होऊन फार दिवस न झालेल्या अर्लने टायगरला मिठी मारली होती. आता अर्ल नव्हता. २००६ मध्ये तो गेला. मिठी मारणारा बाप या वेळी टायगर होता.

यात डोळे भरून येण्यासारखं काय आहे, हे निराळं सांगायला नको. प्रश्न एवढाच, की डोळे भरून येणं म्हणजे माफ करणं का?

मराठीत माफीसाठी दोन वाटा आहेत. ‘माफ’ हा शब्द दरबारातून आणि कचेरीतून आला. सारा माफ होतो, गुन्हा माफ होतो, सत्ताधीश माफ करतो. दुसरी वाट घरातली: अपराध पोटात घालणं. हा वाक्प्रचार ज्याने घडवला त्याने फार नेमकं पाहिलं असलं पाहिजे. पोटात तेच घालता येतं जे आपल्या वाट्याला आलं. लेकराने बोललेलं लागट वाक्य आई पोटात घालते, कारण ते तिलाच लागलेलं असतं. शेजारच्या घरातलं भांडण आपल्याला पोटात घालता येत नाही. टायगरने ज्यांना दुखावलं ती माणसं घरातली होती: पत्नी, मुलं, आई. त्यांनी काय पोटात घातलं आणि काय नाही, ते त्यांच्यापाशी. ऑगस्टातल्या प्रेक्षकाची त्याने कसलीही फसवणूक केली नव्हती. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला नाही त्याने केलेली माफी म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने केलेलं दान.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न फार आधी आणि फार कठोरपणे हाताळला आहे. सामञ्ञफल सुत्तात राजा अजातशत्रू बुद्धाकडे येतो. त्याने गादीसाठी बापाला, बिंबिसाराला, मारलं आहे. उपदेश ऐकून तो आपला अपराध कबूल करतो. बुद्ध ती कबुली स्वीकारतो आणि म्हणतो, की अपराध अपराध म्हणून ओळखणं आणि पुढे संयम राखणं, यातच वाढ आहे. इथे गोष्ट संपली असती तर ती सोपी झाली असती. पण राजा गेल्यावर बुद्ध भिक्खूंना सांगतो: या माणसाने पित्याला मारलं नसतं, तर याच आसनावर त्याला सत्याची दृष्टी लाभली असती. कबुली खरी होती आणि स्वीकारलीही गेली, पण जे हातून गेलं ते परत आलं नाही.

अंगुलिमालाची गोष्ट तर महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बोटांची माळ घालणारा दरोडेखोर बुद्धाला भेटतो आणि भिक्खू होतो. मुलांना सांगताना बहुधा इथेच थांबतात. मज्झिम निकायातली मूळ कथा पुढे जाते. अंगुलिमाल अर्हत होतो, म्हणजे पोचायचं तिथे पोचतो. आणि त्यानंतर तो श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर ढेकळं, काठ्या आणि खापऱ्या येऊन पडतात. डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं. रक्ताळलेल्या अंगुलिमालाला बुद्ध म्हणतो, सोस. लोकांना ‘आता हा बदलला आहे, दगड खाली ठेवा’ असं सांगायला तो जात नाही. बदल खरा असतो आणि दगडही खरे असतात. एकाने दुसरं रद्द होत नाही.

ह्यूम यांना नेमकं हेच खटकलं होतं, आणि त्यांच्या बाजूलाही वजन आहे. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सगळी इस्टेट उडवून परतणारा मुलगा दूर दिसताच बाप धावत जातो. हिशेब विचारत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायातही अत्यंत दुराचारी माणूस अनन्यभावाने शरण आला तर त्याला साधूच समजावं असं आश्वासन आहे, आणि वारकऱ्यांचा सारा धीर त्या आश्वासनावर उभा आहे. माणसाला कुठेतरी बिनहिशेबी कुशी हवी असते. पण या दोन्ही ठिकाणी कवटाळणारा परमेश्वर आहे, आणि कवटाळण्याचं कारण पराक्रम नाही. उधळ्या पुत्राने परत येताना काहीही जिंकून आणलेलं नव्हतं. तो भुकेला आणि फाटक्या कपड्यांत आला होता. त्याच्या हाती करंडक असता तर त्या दाखल्यात काही उरलंच नसतं. म्हणजे ऑगस्टातल्या जल्लोषाला उद्धार म्हणणं ख्रिस्ती धर्माच्या मापानेही बसत नाही.

त्याच दाखल्यात थोरला भाऊही आहे, जो कधी घर सोडून गेला नाही आणि ज्याच्यासाठी कधी मेजवानी झाली नाही. एप्रिल २०१० मध्ये टायगर घोटाळ्यानंतर पहिल्यांदा ऑगस्टात उतरला, तेव्हा जगाचे कॅमेरे त्याच्यावर होते. तो चौथ्या स्थानावर राहिला. जिंकला फिल मिकलसन. त्याची पत्नी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होती, आणि शेवटच्या दिवशी ती अठराव्या ग्रीनच्या मागे येऊन उभी होती. त्याने तिला घट्ट मिठी मारली. गोल्फप्रेमींनी त्या दिवशीही डोळे पुसले. मिकलसनला थोरला भाऊ म्हणून संत ठरवण्याचं कारण नाही, त्याचेही दोष पुढे जगाने पाहिले. तरी आज ‘ऑगस्टातली मिठी’ म्हटलं की बहुतेकांना २०१९ ची आठवते. पडून उठलेल्याची गोष्ट आपल्याला अधिक ओढते, आणि उभं राहिलेल्याची, सांभाळत राहिलेल्याची गोष्ट आपण अर्धी ऐकून सोडतो.

आता जल्लोषाला नाव काय द्यायचं, हा प्रश्न उरतो.

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना बौद्ध परंपरा आणि पतंजलीची योगसूत्रं या दोन्हींनी सांगितल्या आहेत. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या आनंदाने आनंदणं. ती बहुधा चौघींत सर्वांत अवघड आहे. दुःखी माणसाबद्दल कळवळा येणं सोपं. ज्याच्याकडे धन, कीर्ती, देह, सगळंच आपल्याहून कैक पटीने आहे त्याच्या सुखाने मन भरून येणं सोपं नाही. ऑगस्टात हजारो माणसांना ते काही क्षण जमलं. ज्याच्याकडून काहीही मिळणार नव्हतं अशा माणसाच्या हातून एक गोष्ट नीट झाली आणि त्यांना बरं वाटलं. एवढं शुद्ध काही मोठ्या गर्दीत क्वचितच घडतं.

पण पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’मध्ये यावर एक सावधगिरीची खूण केली आहे. प्रत्येक भावनेला तो दोन शत्रू सांगतो, एक दूरचा आणि एक जवळचा. मुदितेचा दूरचा शत्रू म्हणजे दुसऱ्याच्या सुखाबद्दलची नाराजी. तो ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे आपल्याच संसारातल्या आवडीनिवडींवर पोसलेली खुशी. ती मुदितेसारखीच दिसते. १९९७ मध्ये विशीत असलेला चाहता २०१९ मध्ये चाळिशी ओलांडून गेला होता. त्याचीही कंबर दुखत होती, त्याचंही काही मोडलं होतं. टायगर जिंकला तेव्हा त्याला आपली वीस वर्षं परत मिळाल्यासारखी वाटली असणार. हे माणसासारखं आहे, यात लाज नाही. पण ती मुदिता नाही. आणि ‘त्याचं सगळं फिटलं’ असं म्हणण्याची घाई इथूनच येते, कारण त्याचं फिटलं तर आपलंही फिटेल अशी आशा आत कुठेतरी असते.

शिवाय ‘परत’ आलं कोण? एका जुन्या बौद्ध संवादात मिलिंद राजा भिक्खू नागसेनाला विचारतो, माणूस बदलत जातो तेव्हा तो तोच राहतो की दुसरा होतो? नागसेन म्हणतो, रात्रभर जळणारा दिवा घ्या. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, आणि दोन वेगळे दिवेही नव्हेत. जोडलेल्या मणक्यांचा, बाराव्या होलवर झेंडा सोडून देणारा टायगर १९९७ चा नव्हता. दुसराही नव्हता. ‘फॉर्म परत आला’ म्हणतात, पण हरवलेली वस्तू सापडावी तसा तो येत नाही. नव्या देहात तो पुन्हा घडवावा लागतो. मग कोणी म्हणेल, माणूस तोच नाही तर जुनं ओझं याच्यावर कशाला? नागसेनाने त्याचंही उत्तर देऊन ठेवलं आहे, आंब्याच्या उदाहरणाने. दुसऱ्याचे आंबे चोरणारा जर म्हणाला, की मालकाने लावलेला आंबा वेगळा आणि मी तोडलेले वेगळे, तर राजा त्याला सोडेल का? नाही, कारण हे आंबे त्याच आंब्यातून आले. कौशल्य ज्या धाग्याने पुढे येतं त्याच धाग्याने ऋणही पुढे येतं. एकाला ‘माझा टायगर’ म्हणून कवटाळायचं आणि दुसऱ्याला ‘तो जुना, गेला’ म्हणून सोडायचं, असं करता येत नाही.

‘मिलिंद’ हे नाव तेव्हाच्या औरंगाबादमधल्या महाविद्यालयाला देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, यावर फार जोर दिला. ह्यूम यांना उत्तर द्यायचं तर ते या एका भेदातून देता येईल: कुठे जायचं ते दाखवलेलं आहे, चालायचं ज्याचं त्याने. आणि चाहत्यांसाठीही बाबासाहेबांचं एक भाषण आहे. १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला बोलताना त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले. थोर गुणांबद्दल मनापासून आदर वाटणं, यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. आपली विचारशक्ती त्या माणसाच्या पायाशी ठेवणं त्यांना घातक वाटत होतं. ते राजकारणातल्या नेत्यांबद्दल बोलत होते, खेळाडूंबद्दल नव्हे. तरी हा भेद खेळाच्या मैदानावर शिकणं सोपं जावं. तिथे गुण डोळ्यांसमोर असतो: चेंडू, वारा, ओढा आणि हातातली काठी. त्या गुणापुढे मान झुकवताना बाकीच्या आयुष्याबद्दल निकाल देण्याची गरजच पडत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लॉस एंजेलिसजवळ टायगरची गाडी उलटली. उजव्या पायाच्या हाडांचे तुकडे झाले. पाय कापावा लागेल की काय अशी वेळ आली होती, हे त्याने नंतर सांगितलं. नडगीत सळई, घोट्यात आणि पावलात स्क्रू आणि पिना. चौदा महिन्यांनी, एप्रिल २०२२ मध्ये, तो पुन्हा ऑगस्टात उभा राहिला. दूरचित्रवाणीवर कळत नाही, पण ते मैदान चढउतारांचं आहे. धडधाकट माणसाचीही पोटरी भरून येते. चार दिवस तो ते चालला. पहिल्या दिवशी ७१, मग ७४, शेवटचे दोन दिवस ७८ आणि ७८, मास्टर्समधला त्याचा तोवरचा सर्वांत वाईट खेळ. सत्तेचाळिसावं स्थान. उद्धाराचा मथळा द्यावा असं त्यात काही नव्हतं.

अठराव्या होलची चढण तो लंगडत, मधे पटरचा टेकू घेत चढला. दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी होती, आणि तो ग्रीनवर पोचेपर्यंत टाळ्या वाजवत होती.